बांधाचा क्षय, ऱ्हास, झीज की धूप? ग्रामसभेच्या टिपणात नेमका कुठला शब्द लिहावा?

खाजनवाट (तिसवाडी)

नमस्कार. आमच्या गावच्या खाजनाच्या (भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवलेल्या सखल शेतजमिनीच्या) बाहेरच्या बांधाविषयी ग्रामसभेत मांडायला एक मराठी टिपण लिहितो आहे. त्याचीच प्रत पुढे कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे जाणार आहे. बांध एकदम फुटलेला नाही, हळूहळू कमजोर होत चालला आहे, आणि नेमके हेच एका शब्दात सांगताना अडलो आहे. सध्याचा मसुदा असा आहे (मानस म्हणजे बांधातले पाण्याचे दार):

"गावच्या बांधाचा गेल्या काही वर्षांत क्षय झाला आहे. मानशीजवळच्या चिऱ्यांच्या भिंतीचाही ऱ्हास झाला असून काही ठिकाणी बांध खचला आहे. आतल्या शेतजमिनीची झीज होत आहे. तरी त्वरित दुरुस्ती व्हावी."

एकाने सांगितले, क्षय म्हटले की लोकांना रोग आठवतो, तो शब्द काढा. दुसऱ्याचे म्हणणे, सगळीकडे "कमकुवत झाला" एवढेच लिहा, ते सर्वांना कळते. मला दोन्ही पटत नाही, पण कारण सांगता येत नाही. क्षय, ऱ्हास, झीज, धूप, खचणे यांत नेमका फरक काय? "हळूहळू" हा भाव वाक्यात कसा आणावा? आणि "झीजेमुळे" बरोबर की "झिजेमुळे"?


ऱ्हस्वदीर्घ (फोंडा)

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो लगेच सुटतो. झीज हा शब्द एकटा असताना दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व: झीज, पण झिजेमुळे, झिजेचा. धूप, पण धुपेमुळे. वीट आणि विटेचा, जीभ आणि जिभेचा, तीच ही चाल. क्रियापदे झिजणे आणि धुपणे, दोन्ही ऱ्हस्व. क्षीण हा तत्सम शब्द, म्हणून तो बदलत नाही: क्षीणता, क्षीणपणा. ऱ्हास संस्कृतात ह्रास असा लिहितात, मराठीत ऱ्हास हेच रूढ आहे. "ह्रस्" या ज्या धातूपासून तो येतो त्याचाच अर्थ आखूड होणे, कमी होणे असा आहे, आणि ऱ्हस्वही तिथूनच आला.

आता अर्थ. क्षय आणि झीज हे मुळात एकाच घरचे. संस्कृत क्षि धातूचे क्षीयते हे रूप प्राकृतात झिज्जइ झाले आणि मराठीत झिजणे. पण वापरात दोघांनी वाटा वेगळ्या धरल्या. क्षय म्हणजे असलेला साठा संपत जाणे: शक्तिक्षय, पुण्यक्षय, दंतक्षय. पंचांगातली क्षयतिथी म्हणजे एकाही सूर्योदयाला न सापडलेली, म्हणून मोजणीतून गळलेली तिथी. तिथे अशक्तपणाचा काही संबंध नाही, फक्त नाहीसे होणे आहे. क्षय नुसता, समासाशिवाय आला आणि त्यात माणसाचा विषय असला, तर तो आज क्षयरोगच. "बांधाचा क्षय" यात व्याकरणाची चूक नाही, पण वाचणारा क्षणभर अडखळतो. ज्याने तो काढायला सांगितला त्याचे बरोबर आहे.

झीज मात्र नेहमी घर्षणाची. काहीतरी वरून, बाहेरून, पुन्हा पुन्हा लागते आणि वस्तू कणाकणाने कमी होते. पायरी झिजते, टायर झिजतो, सहाणेवर चंदन झिजते. म्हणून झीज म्हटले की दोन प्रश्न आपोआप उभे राहतात: काय झिजले आणि कशाने? दुसऱ्याचे उत्तर नसेल तर तिथे झीज लिहू नये. झिजवणे हे प्रयोजक रूप असून ते बरेचसे वाक्प्रचारातच राहते: उंबरठे झिजवणे, जोडे झिजवणे. "लाटा बांध झिजवतात" हे चालेल, पण "लाटांनी बांध झिजतो" हे जास्त सहज आहे.

ऱ्हास दर्जाचा, व्यवस्थेचा, परंपरेचा: पर्यावरणाचा ऱ्हास, मूल्यांचा ऱ्हास, खारफुटीचा ऱ्हास. एका भिंतीचा ऱ्हास होत नाही. गावातल्या सगळ्या जुन्या घरांची अवस्था सांगायची असेल, तर "वास्तुवारशाचा ऱ्हास" म्हणता येईल. एका घरासाठी मराठीत "मोडकळीस आले" हा शब्द आहे, आणि तो ऱ्हासापेक्षा कितीतरी नेमका आहे, कारण त्यात वासे, भिंती, कौले सगळे सुटत चालल्याचे दिसते. संस्था डबघाईला येते, घर मोडकळीस येते, माणूस खंगतो, कापड विरते, रंग विटतो, गर्दी रोडावते, वेग मंदावतो. "कमकुवत झाले" म्हटले की हे सगळे फरक पुसले जातात. म्हणून तुम्हाला ती सूचना पटली नाही, आणि ते योग्यच आहे.

ओसरणे इथे वापरू नका. ओसरते ते आधी चढलेले असते: पूर, ताप, राग. ओसरण्यात सुटका आहे.

"हळूहळू" हा शब्द न वापरता तो भाव आणण्याची सोय मराठी क्रियापदात आहे, आणि अशा टिपणात ती फार उपयोगी पडते. "बांध झिजत चालला आहे" म्हणजे क्रिया आज सुरू आहे आणि वाढते आहे. "झिजत गेला" म्हणजे मागच्या काळात टप्प्याटप्प्याने झाले, आज काय चालले आहे ते सांगितलेले नाही. "झिजत आला आहे" म्हणजे झिजण्यासारखे आता थोडेच उरले आहे, शेवट जवळ आहे. "झिजून गेला" म्हणजे संपले. यांपैकी एकच रूप खरे असणार. नुसत्या "झीज झाली आहे" या वाक्यात काळाचा हा सगळा तपशील हरवतो. दुरुस्ती आत्ता का हवी हे पटवायचे असेल, तर "-त चालला आहे" लिहा आणि खाली मोजमाप द्या. "-त आला आहे" लिहायचे तर ती निकड प्रत्यक्ष पाहणीत दिसली पाहिजे, कारण वाचणारा जागेवर येऊन बघणार.

धूप आणि खचणे यांवर बांधाचे काम जाणणाऱ्याने लिहावे.


भरतीओहोटी (चोडण)

मसुद्यातली खरी अडचण भाषेच्या अलीकडे आहे. बांध कुठल्या रीतीने कमजोर होतो आहे हे ठरले की शब्द आपोआप ठरतो. आणि शब्द चुकला तर अंदाजपत्रकही चुकते. "खचला" वाचून येणारा माणूस पायाच्या कामाचा हिशेब धरून येतो. "धुपतो आहे" वाचून येणारा बाहेरच्या उताराला चिऱ्यांचा थर किती लागेल ते बघतो. "पाझरतो" वाचले की तो बिळे आणि भेगा शोधतो. तीन वेगळी कामे, तीन वेगळे खर्च.

बांधाचे भाग आधी नावाने लिहा: बाहेरचा उतार (नदीकडचा), माथा, आतला उतार (शेताकडचा), पायथा, आणि मानस. मानस म्हणजे पाण्याचे दार. ओहोटीला आतले पाणी दार ढकलून बाहेर जाते आणि भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते आपसूक मिटते. बाहेरचा बांध आपल्याकडे मातीचा, आणि लाटांचा मारा असतो तिथे त्याला चिऱ्यांचे अस्तर असते.

धूप म्हणजे वाहते पाणी किंवा लाट मातीचे कण सुटे करून घेऊन जाते ती क्रिया. जमिनीची धूप, बांधाची धूप, किनाऱ्याची धूप. शब्द स्त्रीलिंगी आहे. देवापुढे जाळतात तो धूप वेगळा, पुल्लिंगी. माती धुपते, चिरा झिजतो. तेव्हा वरच्या उदाहरणांत बांध "झिजतो" आला असला, तरी मातीच्या बांधाला झीज लावू नका. मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात बार्जेस जातात, त्यांच्या लाटांनी बाहेरच्या उताराचा पायथा आधी धुपतो. वरचा भाग मग लटकता राहतो आणि एका उधाणात ढासळतो. पाहणी करणारा वरून बघतो, त्याला माथा ठीक दिसतो. म्हणून पाहणी ओहोटी पूर्ण लागल्यावर, पायथा उघडा असताना करा, आणि शक्यतो अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास. तेव्हा उधाण असते, भरतीही सर्वांत वर चढते आणि ओहोटीही सर्वांत खाली उतरते. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक सुमारे २ मीटर धरला तरी कळेल की पायथ्याचा केवढा पट्टा एरवी पाण्याखाली लपलेला असतो.

पाझर हा दुसरा प्रकार. भरतीच्या वेळी आतल्या उतारावरून चालत जा आणि ओल कुठे आहे ते बघा. पाणी स्वच्छ येत असेल तर तो नुसता पाझर, नोंद करून लक्ष ठेवावे. पाणी गढूळ येत असेल तर ते आतली माती घेऊन येत आहे. बांधाच्या पोटात नळी तयार होते आहे. बाहेरून काहीच धुपलेले दिसत नाही आणि बांध आतून पोकळ होतो. याला मराठीत सरळ "पोखरला जाणे" म्हणा. बहुतेक वेळा सुरुवात खेकड्यांच्या बिळांतून किंवा माथ्यावर वाढून मेलेल्या झाडाच्या कुजलेल्या मुळांच्या जागेतून होते.

यात एक चूक सगळीकडे होते. पाणी शेताच्या बाजूला बाहेर पडते, म्हणून लोक तिथेच चिखलाचा गोळा ठोकतात. त्याने पाणी थांबत नाही. ते बांधाच्या पोटात कोंडते आणि दुसरीकडून फुटते. तोंड नदीकडे शोधायचे आणि चिखल तिथे ठासायचा. शेताकडच्या बाजूला उलट वाट द्यायची, पण मातीला अडवायचे: वाळू, त्यावर खडी, त्यावर चिरे, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती राहते. तातडीची वेळ असेल तर त्या जागेभोवती वाळूच्या गोण्यांचे कडे करून पाणी थोडे चढू द्यावे, आतल्या पाण्याचा दाब वाढला की वाहण्याचा जोर कमी होतो.

खचणे म्हणजे खालचा आधार दबून किंवा निसटून वरचा भाग बसणे. ही घटना आहे, तिला जागा आणि दिवस असतो. ती हळूहळू होत असेल तर "बसत चालला आहे" लिहा. माथा मधेच खोलगट झाला असेल, तर भरतीचे पाणी पहिल्यांदा तिथूनच ओलांडणार. पाणी माथ्यावरून गेले की आतला उतार काही तासांत कापला जातो, कारण त्या बाजूला अस्तर नसते. मग बांध फुटतो आणि खांड, म्हणजे भगदाड, पडते. एकूण क्रम असा वाचा: पाझरतो, धुपतो, बसतो, ढासळतो, फुटतो. प्रत्येक बांध या सगळ्या पायऱ्या चढतो असे नाही, पण टिपणात आपण कुठल्या पायरीवर आहोत ते आले पाहिजे. आधीच्या पायरीवर दुरुस्ती चार-पाच माणसांच्या हातची असते, खांड पडल्यावर नसते.

मोजमापाशिवाय यातले काहीच पटत नाही. मानशीला शून्य धरून दर १० मीटरवर खुंटी मारा. प्रत्येक खुंटीपाशी माथ्याची रुंदी, माथ्यापासून उधाणाच्या भरतीच्या खुणेपर्यंतची उंची, आणि बाहेरचा पायथा जुन्या रेषेपासून किती आत सरकला ते लिहा. भरतीची खूण चिऱ्यांवरच्या शेवाळाच्या आणि कालवांच्या पट्ट्यावरून ढोबळ मिळते, पण उधाणाच्या दिवशी उभे राहून काठीवर घेतलेली जास्त खात्रीची. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा, त्याच खुंट्यांवर.

नवा भराव घालताना चिकट चिखल १५ सेंटीमीटरच्या थरांत घालून प्रत्येक थर ठोकायचा, आणि उंची हवी त्यापेक्षा सुमारे दहावा भाग जास्त ठेवायची, कारण तो बसणारच. जुन्या उतारावर सरळ भराव टाकला तर दोन्ही एकजीव होत नाहीत. आधी जुन्या उताराला पायऱ्या कापायच्या. बाहेर खारफुटी असेल तर तिला हात लावू नका. लाटेचा जोर तीच मोडते, आणि ती तोडायला परवानगीही लागते. माथ्यावर उगवलेली झाडे मात्र लहान असतानाच काढायची.

शेतजमिनीचे वाक्य: "झीज" तिथे अगदी चुकीचे. खारे पाणी शिरल्याने जमीन खारी होते आणि तिचा कस उतरतो. "कस उतरत चालला आहे" लिहा. हे नुकसान भरून येणारे आहे हेही लिहा. बांध धरला आणि मानस नीट चालली, तर पावसाळ्याचे पाणी खार धुऊन नेते. कोरगुट आणि आसगो ही आपली भाताची वाणे खार बऱ्यापैकी सोसतात, पण भरतीचे पाणी रोज आत येऊ लागले तर तीही टिकत नाहीत.


चुनाचिरा (जुने गोवे)

भरतीओहोटीबाबांनी बांध पुरता उलगडला आहे. मी फक्त मानशीजवळच्या भिंतीचे सांगते.

चिऱ्याला "झिजतो" चालते, पण पूर्ण नाही. चिरा म्हणजे जांभा दगड. तो स्वतःच विदारणातून तयार झालेला आहे: उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांत मूळ खडकातली सिलिका विरघळून निघून गेली आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. शाळेच्या भूगोलात विदारण हा शब्द आहे, तो टिपणात एकदा जरूर वापरा. जागच्या जागी खडक कमजोर होणे म्हणजे विदारण, आणि सुटे झालेले कण हलवले जाणे हा पुढचा भाग. चिऱ्यांच्या भिंतीत दोन्ही एकत्र चालतात. चिऱ्याच्या छिद्रांत पिवळट-पांढरी चिकणमाती असते, ती आधी धुऊन जाते आणि दगड जाळीदार होतो. मग जाळीचे काठ सुटू लागतात. नखाने खरवडल्यावर लाल भुगा निघत असेल तर "भुसभुशीत झाला" म्हणा. कोपरे नुसते गोल झाले असतील, पण दगड ठणठणीत असेल तर "झिजला". पहिल्या प्रकारातला चिरा बदलावाच लागतो, दुसऱ्या प्रकारातला बहुधा आणखी बरीच वर्षे जातो. हातोडीने हलके ठोकून आवाज ऐका. बद्द आवाज आला तर आतून गेलेला आहे.

मानशीच्या भिंतीला शत्रू तिसराच, मीठ. भरतीला चिरा खारे पाणी पितो, ओहोटीला सुकतो, छिद्रांत मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून दगड फोडतात. म्हणून सर्वांत वाईट पट्टा कायम पाण्याखालचा नसतो. रोज भिजतो आणि सुकतो तो पट्टा आधी जातो. टिपणात तेवढा पट्टा वेगळा मोजून लिहा.

यावर सिमेंटचा गिलावा करून भिंत "मजबूत" करायचा आग्रह कोणी धरला तर अडवा. सिमेंटचा थर घट्ट, चिरा मऊ आणि सच्छिद्र. थराला केसाएवढी भेग पडली की पाणी आत जाते, पण बाहेर पडायला वाट मिळत नाही. मीठ थराच्या मागे साठते आणि काही वर्षांनी गिलावा सुटतो तेव्हा चिऱ्याचे पापुद्रे घेऊन सुटतो. बाहेरून भिंत शाबूत दिसत असताना आत ती संपत असते. चिऱ्याला चुन्याचा गिलावा हवा, तो ओल बाहेर जाऊ देतो आणि झिजायचे ते स्वतः झिजतो. दर काही वर्षांनी तो बदलायचा, दगड वाचवायचा.

गिलावा अजिबात नसणे हेही वाईटच. जुन्या गोव्यातली बॉम जेझसची बासिलिका १६०५ मध्ये पूर्ण झाली. तिचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात उतरवला गेला आणि तेव्हापासून उघडे चिरे सरळ पाऊस झेलत आहेत. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लाल दगड बघायला सुंदर वाटतो, पण तो उघडा ठेवायचा दगड नव्हे.

मात्र भरतीच्या पट्ट्यात साधा चुनाही टिकत नाही. तो हवेत घट्ट होतो, पाण्यात मऊच राहतो आणि धुऊन जातो. तिथे चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांचा वस्त्रगाळ भुगा, घालावी लागते. ती असली की ओल्यातही तो धरतो. चुना १, सुरखी १, वाळू २ हे प्रमाण चांगले चालते. वाळू खाऱ्या पाण्यातली नको, नाहीतर मीठ आपणच भिंतीत भरू. सांधे निदान २ सेंटीमीटर खोल खरवडून काढायचे, गोड्या पाण्याने धुवायचे, ओलसर असतानाच नवा दर्जा (सांध्यांत भरायचा चुना) भरायचा आणि आठवडाभर ओल्या गोणपाटाने झाकून ठेवायचे. सांधे वरवर भरले की पहिल्या पावसात पट्ट्या निघून येतात. काम जानेवारी ते मार्चमध्ये धरा. मे महिन्यात सुरू केलेले काम पावसात सापडते.

तुमच्या मसुद्यातला "भिंतीचा ऱ्हास" काढून "रोज भिजणाऱ्या-सुकणाऱ्या पट्ट्यातले चिरे मिठाने भुसभुशीत झाले आहेत, सांधे धुऊन गेले आहेत" असे लिहा. लांब आहे, पण ते वाचून गवंड्याला काम कळते.


जमाखर्च (मडगाव)

एक छोटी भर. टिपणासोबत खर्चाचा तक्ता जाणार असेल, तर हिशेबातला शब्द वेगळा आहे: घसारा. मालमत्तेची किंमत दरवर्षी वापरामुळे कमी धरतात तो घसारा. मानशीचे लाकडी दार, पंप, यंत्रे यांना घसारा लावतात. बांध धुपला त्याला घसारा म्हणू नका, आणि दाराच्या घसाऱ्याला झीजही म्हणू नका, कारण घसारा पुस्तकात दिसतो, झीज दारावर. १,००,००० रुपयांच्या पंपावर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा धरला तर पहिल्या वर्षाअखेर ८५,००० उरतात, दुसऱ्या ७२,२५०, तिसऱ्या सुमारे ६१,४१३. मूळ किमतीच्या १५ टक्के दरवर्षी धरले तर तिसऱ्या वर्षाअखेर ५५,००० उरतात. कुठली पद्धत घेतली ते तक्त्याखाली एका ओळीत लिहा, नाहीतर हिशेब तपासणारा तिथेच अडतो.


खाजनवाट

सर्वांचे मनापासून आभार. मसुदा पुन्हा लिहिला. आकडे कालच्या उधाणाच्या ओहोटीला घेतलेले आहेत:

"मानशीपासून ३० ते ७० मीटरच्या टप्प्यात बांधाचा बाहेरचा पायथा धुपत चालला असून माथ्याची रुंदी १.५ मीटरवरून ०.९ मीटरवर आली आहे. ५० मीटरच्या खुंटीपाशी माथा खचत आहे व उधाणाची भरती माथ्यापासून केवळ २० सेंटीमीटर खाली राहते. त्याच ठिकाणी आतल्या उतारावर गढूळ पाझर आहे. मानशीच्या भिंतीचे भरतीच्या पट्ट्यातले चिरे भुसभुशीत झाले आहेत आणि सांधे धुऊन गेले आहेत. खारे पाणी शिरल्याने लगतच्या शेतांचा कस उतरत चालला आहे. धूपेमुळे बांध फुटण्याचा धोका आहे."

शीर्षक "बाहेरच्या बांधाची धूप व मानशीची दुरुस्ती" असे ठेवले आहे.


ऱ्हस्वदीर्घ

शीर्षक उत्तम. मसुद्यात दोन ठिकाणी हात फिरवा. "धूपेमुळे" नाही, "धुपेमुळे". आणि "माथा खचत आहे" ऐवजी "माथा बसत चालला आहे", वर भरतीओहोटीबाबांनी सांगितले तसे. "१.५ मीटरवरून" हा आधीचा आकडा कुठला ते कंसात लिहा, जुन्या दुरुस्तीच्या कागदावरचा की गावकाऱ्यांच्या सांगण्यावरचा. "केवळ" ठेवा, तिथे तो शोभतो.


भरतीओहोटी

शेवटचे वाक्य बदला. तुम्हीच गढूळ पाझर लिहिला आहे, म्हणजे ५० मीटरच्या खुंटीपाशी धोका धुपेपेक्षा पोखरण्याचा जास्त आहे. "५० मीटरच्या खुंटीपाशी बांध आतून पोखरला जात असून येत्या उधाणात तिथे खांड पडण्याचा धोका आहे" असे लिहा आणि ते वाक्य सर्वांत वर न्या. टिपण मंजूर होईपर्यंत थांबू नका. नदीकडचे तोंड शोधून चिखल ठासणे आणि शेताकडे वाळू-खडीचा थर घालणे, ही दोन्ही कामे पुढच्या भांगात, म्हणजे दोन उधाणांच्या मधल्या लहान भरतीच्या दिवसांत, उरका, तेव्हा पाणी कमी चढते. ती केल्याची नोंदही टिपणात तारखेसह करा, म्हणजे पाहणीला येणाऱ्याला जुनी आणि नवी माती वेगळी ओळखता येईल.